कानात सांगितलेलं नाव

आपल्याकडे मूल जन्माला आलं की त्याच्याशी पहिलं महत्त्वाचं बोलणं कानात होतं. मुसलमान घरात वडीलधारं माणूस बाळाच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हणतं. हिंदू घरात बारशाला आत्या पाळण्याशी वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. त्याच वेळी तिच्या पाठीत बायकांचे धपाटे बसतात. वरळी कोळीवाड्यात वाढल्यामुळं हे दोन्ही प्रकार मी लहानपणापासून पाहिले. शब्द वेगळे, धर्म वेगळा. पण बाळाला ऐकू येतं, हे दोन्हीकडे धरूनच चाललेलं असतं.

ते खरोखर येतं की नाही, हे पहिल्या काही दिवसांत ओळखायचं साधन माणसाच्या हाती यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या साधनाची गोष्ट आज सांगायची आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवितेचा सगळा कच्चा माल कानातूनच येतो. त्यामुळं हा विषय मला माझ्या घरातला वाटत आला आहे.

गोष्ट मुख्यतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची आहे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या बाळाला वैद्यकात मुदतपूर्व म्हणतात. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. इतकी कुठल्याच देशात जन्मत नाहीत. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांमध्ये हजारात एक ते तीन बाळांना ऐकण्याचा लक्षणीय दोष असतो. ज्यांना नवजात अतिदक्षता विभागात राहावं लागलं, त्यांच्यात हेच प्रमाण शंभरात दोन ते चार इतकं सांगितलं जातं. म्हणजे कुठं हजार आणि कुठं शंभर! आपली बरीच मुदतपूर्व बाळं याच दुसऱ्या गटात मोडतात.

असं का होतं, हे समजायला जरा मागं जावं लागेल.

जुन्या काळी अशी बाळं बहुधा जगत नसत. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आपल्या आज्या सांगत. त्याला शास्त्राचा आधार नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. १८८० च्या सुमारास पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि तशीच उबदार पेटी अशक्त बाळांसाठी करून घेतली. आपण जिला ‘काचेची पेटी’ म्हणतो, तिचा जन्म असा झाला. पुढं अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थानं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत या पेट्या मांडल्या. तिकीट काढून लोक आत येत आणि पेटीतली जिवंत बाळं बघत. त्या तिकिटाच्या पैशांवर बाळांची देखभाल चाले. १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं हा प्रकार चालला. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळी पुष्कळ रुग्णालयांत अशा बाळांसाठी काहीच सोय नव्हती.

पेटीनं ऊब दिली, पण श्वास कोण देणार? ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर होतं. तरीही फुप्फुसं तयार नसल्यामुळं दोन दिवसांत तो गेला. जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाच्या मुलालाही तेव्हाचं वैद्यक वाचवू शकलं नाही. आज तेवढ्या वजनाचं बाळ जिल्ह्याच्या ठिकाणीही वाचू शकतं. मधल्या काळात श्वासाला आधार देणारी यंत्रं आली आणि जंतुसंसर्गावर औषधं आली. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टन्ट बाळांना देऊन दाखवलं.

मात्र जगवण्याच्या या धडपडीत शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागाला किंमत मोजावी लागते, हे हळूहळू कळत गेलं. पहिली किंमत डोळ्यांनी मोजली. १९४० च्या दशकात पेटीतल्या बाळांना सढळ हातानं प्राणवायू दिला जाई. त्यातून वाचलेली अनेक बाळं आंधळी झाली. जगभरात अशी सुमारे दहा हजार मुलं असावीत. १९५४ च्या सुमारास जादा प्राणवायू हेच त्याचं कारण असल्याचं पक्कं झालं. विख्यात गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी अशीच गेली. ते १९५० साली सहा आठवडे आधी जन्मले होते.

दृष्टी गेली की घरच्यांना काही महिन्यांत कळतं. बाळ चेहऱ्याकडे बघत नाही, दिव्याकडे वळत नाही. कानाचं तसं नसतं. ऐकू न येणारं बाळ हसतं, आईकडे बघतं, वेळेवर रांगतं. पहिले काही महिने ते इतर बाळांसारखं ‘अऽ’, ‘ऊऽ’ असे आवाजही काढतं. त्यामुळं डोळ्यांचा हिशेब लवकर लागला आणि कानांचा कितीतरी वर्षं मागं राहिला.

अशा बाळाच्या कानावर चहूबाजूंनी संकट असतं. आईच्या पोटात साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून कान काम करू लागतात. पोटातल्या बाळाला आईचा आवाज, तिच्या हृदयाचे ठोके पाण्यातून गाळून आल्यासारखे ऐकू येतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे ते तीन महिने अतिदक्षता विभागात जातात. तिथं यंत्रांच्या घंटा वाजत असतात, पेटीची झाकणं आपटत असतात. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं १९९७ मध्ये सांगितलं, की या विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. घरात चार माणसं नेहमीच्या आवाजात बोलू लागली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

दुसरं संकट औषधांचं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि क्षयरोगाला उतारा मिळाला. थोड्याच काळात कळलं, की या औषधानं काही रोग्यांचा तोल जातो, काहींचं ऐकणं जातं. त्याच कुळातली जेंटामायसिन आणि अमिकासिन ही औषधं पुढं नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर वापरात आली. ती आजही लागतात आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. डॉक्टरांनी सांगितली तर ती नाकारू नयेत. पण ती बाळाच्या कानातल्या नाजूक केसपेशींना इजा करू शकतात. मात्रा आणि दिवस वाढले तर धोकाही वाढतो. एकदा गेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

तिसरं संकट काविळीचं. नवजात बाळाच्या रक्तात पित्तद्रव्य फार वाढलं तर ते मेंदूपर्यंत जातं आणि ऐकण्याच्या मज्जामार्गाला दुखावतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा धोका अधिक. त्यावरचा आजचा उपाय, म्हणजे निळ्या दिव्याखाली ठेवणं, इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या नजरेतून निघाला. १९५६ मध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हाला नेत असत. एका बाळाच्या अंगाचा जो भाग चादरीखाली झाकला होता तेवढाच पिवळा राहिला, बाकीचा उजळला, हे त्यांच्या लक्षात आलं. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बाळाला कोवळ्या उन्हात धरायची चाल आपल्याकडेही आहे. पण काविळीवर तेवढ्यानं भागत नाही. रक्त तपासून दिव्याखाली ठेवायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.

श्वास कोंडणं, मेंदूज्वर, जन्माआधीचा जंतुसंसर्ग ही कारणं वेगळीच. अनेकदा एकाच बाळावर यातली दोनतीन एकदम येतात.

या लढाईत मुंबईनंही एक मोलाची भर घातली आहे. शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ही पहिली अशी पेढी. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळत नाही, त्यांना दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध तिथून मिळू लागलं. आईच्या दुधावरच्या बाळांना जंतुसंसर्ग कमी होतो. संसर्ग कमी झाला तर जालीम औषधांची गरजही कमी पडते. पेढी कानांसाठी निघाली नव्हती, पण तिचं पुण्य कानांपर्यंत पोचत असणार.

आता माझ्या गल्लीतली एक हकीकत सांगतो. नावं सांगत नाही. १९९० च्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या कोळी घरात सातव्या महिन्यात मुलगा झाला. सव्वा किलोचा. महिनाभराहून जास्त दिवस तो काचेच्या पेटीत होता. तो घरी आला त्या दिवशी त्याच्या आजीनं गोलफादेवीला नारळ फोडला आणि आमच्या घरी पेढे आले. मूल देखणं, हसरं. वर्षाचं झालं, दीड वर्षाचं झालं, पण बोलेना. कुणी काही म्हटलं की आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘बोलंल गो, सातव्या मयन्याचा हाय तो. जरा येल लागंल.’ त्यात चूक काहीच नव्हती. अशा बाळाची वाढ मोजताना जितके आठवडे ते आधी आलं तितके वजा करून मोजायचे, असं डॉक्टरही सांगतात. पण इथं तीच गोष्ट आड आली. मूल उशिरा बोलेल हे सगळ्यांनीच मान्य करून टाकलं होतं. ते ऐकत नसेल, हे कुणाच्या मनाला शिवलं नाही.

तरी आजीनं एकदा परीक्षा घेतली. पोराच्या पाठीमागं पितळी थाळी वाजवली. पोरानं वळून बघितलं. झालं, घरदार निश्चिंत झालं. अशी परीक्षा आपल्याकडे घरोघरी घेतात. तिच्यात खोट आहे. थाळीवर घाव बसला की हवा हलते, जमीन थरथरते, भिंतीवर सावली हलते. न ऐकणारं मूल या खुणा इतरांपेक्षा अधिक जागरूकपणे टिपतं. शिवाय काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक ध्वनी येत नाहीत. थाळी ऐकणाऱ्या मुलाला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येईलच असं नाही.

साडेतीन वर्षांचा झाल्यावर त्याला कुणीतरी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत न्यायला सांगितलं. केंद्र सरकारची ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या नवाब अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. कोळीवाड्याच्या टोकाला, वरळीच्या किल्ल्यापाशी उभं राहिलं की माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्याचा तो किनारा समोर दिसतो. सागरी सेतू २००९ मध्ये झाला. तेव्हा तो नव्हता. समोर दिसणाऱ्या त्या किनाऱ्यावर जायला प्रभादेवी, दादर, माहीम असा वळसा घालून बसनं जावं लागे. तिथून आलेला कागद वाचून घ्यायला त्याची आई माझ्याकडे आली. ‘भाई, यात काय लिवलाय?’ कागदावर लाटांसारख्या रेघा होत्या. खाली लिहिलं होतं, की दोन्ही कानांना तीव्र दोष आहे. वाचून दाखवणं भाग होतं. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘मंग हे पेटीत व्हता तवाच कला नसता का?’

पेटीत असतानाच कळलं नसतं का? त्या बाईच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढं वाचनातून मिळालं. जगात तेव्हा ते कळू शकत होतं.

बाळाचं ऐकणं तपासायचा शिस्तशीर प्रयत्न इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आयरीन आणि अलेक्झांडर ईविंग या दांपत्यानं केला. १९४४ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की आईच्या मांडीवर बसवायचं. एकीनं समोरून त्याचं लक्ष वेधायचं. दुसरीनं मागून, बाळाला दिसणार नाही अशा बेतानं, हलका खुळखुळा वाजवायचा आणि ते वळतं का ते पाहायचं. आमच्या आजीच्या थाळीचीच ही सुधारलेली आवृत्ती. आवाज हळू असे आणि सावली, वारा लागू द्यायचा नाही, अशी खबरदारी घेतलेली असे. ब्रिटनमध्ये ही चाचणी काही दशकं घरोघरच्या आरोग्यसेविका करत होत्या.

सात महिनेही फार झाले, असं वाटणारी एक बाई अमेरिकेत होती. डेन्व्हरच्या मेरियन डाउन्स. १९६४ पासून त्यांनी रुग्णालयातच, जन्मानंतर लगेच बाळांजवळ ठरावीक आवाज करून ती दचकतात का, हे पाहायला सुरुवात केली. कल्पना काळाच्या पुढची होती, साधन मात्र अपुरं होतं. झोपलेलं बाळ दचकत नाही आणि जागं बाळ उगाचच दचकतं. तज्ज्ञांची संयुक्त समिती १९६९ मध्ये बसली. सरसकट चाचणी सध्या नको, पण जोखमीच्या बाळांची यादी करा, असं तिनं पुढं सुचवलं. १९७३ च्या त्या यादीत दीड किलोपेक्षा कमी वजनाची आणि तीव्र कावीळ झालेली बाळं होती. मुदतपूर्व बाळांच्या कानांची अशी पहिली अधिकृत नोंद झाली.

मग दोन शोध लागले. पहिला मेंदूच्या बाजूनं. कानात ‘टक’ असा आवाज सोडला की मज्जातंतूंतून विजेचा अगदी सूक्ष्म तरंग मेंदूच्या तळाकडे जातो. डोक्याला चिकटवलेल्या पट्ट्यांवर तो टिपता येतो. १९७० च्या सुमारास डॉन ज्युएट यांनी या तरंगांचं व्यवस्थित वर्णन केलं. १९७४ मध्ये हेकॉक्स आणि गॅलम्बॉस यांनी ते तान्ह्या बाळांत मोजून दाखवले. बाळानं वळायला नको, दचकायला नको, त्यानं फक्त झोपावं. आपल्याकडे हिला ‘बेरा’ म्हणतात. आमच्या शेजारणीच्या कागदावरच्या लाटा त्याच होत्या.

दुसरा शोध कानाच्या बाजूनं लागला, आणि तो मला तर एखाद्या कवीची कल्पना वाटतो. कान केवळ आवाज घेत नाही, तो आवाज करतो! १९४८ मध्ये केंब्रिजच्या टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञानं तर्क मांडला होता, की आतला कान स्वतः शक्ती लावून काम करत असला पाहिजे, आणि तसं असेल तर त्यातून आवाज बाहेर यायला हवा. त्याचं कुणी ऐकलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक ध्वनिग्राहक ठेवून तो आवाज पकडल्याचं प्रसिद्ध केलं. आवाज कानात सोडला की काही क्षणांशानं कानातूनच अगदी क्षीण पडसाद परत येतो. केसपेशी धडधाकट असतील तरच तो येतो. यावरून ‘ओएई’ ही चाचणी निघाली. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवायची, काही मिनिटांत उत्तर. ना सुई, ना वेदना.

आपल्या बाळांच्या बाबतीत इथं एक बारकावा आहे. कावीळ, श्वास कोंडणं यांनी अनेकदा केसपेशी शाबूत राहतात, पण पुढची मज्जातंतूची वाट बिघडते. मग पडसाद येतो, ओएई ‘पास’ होते, आणि बाळाला बोलणं मात्र समजत नाही. १९९६ मध्ये या विकाराला वेगळं नाव मिळालं. म्हणूनच अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला बेरा पद्धतीचीच चाचणी हवी, असं अमेरिकेच्या त्या संयुक्त समितीनं २००७ मध्ये स्पष्ट सांगितलं.

इतक्या लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर १९९८ मध्ये कोलोरॅडोतून आलं. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकण्याचा दोष असलेल्या दीडशे मुलांची तुलना केली. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून मदत सुरू झाली होती, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. मुलगा असो वा मुलगी, घर श्रीमंत असो वा गरीब, हा फरक टिकला. मेंदूतली भाषेची जागा पहिल्या वर्षांत वाट बघत असते. तिला खुराक मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते. यातून जगभर एक सोपा हिशेब रूढ झाला : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात.

आपल्याकडची वाट लांबची आहे. मुंबईत माझगावला १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. देशातली ही पहिली शाळा मानली जाते. तेव्हा मूल शाळेच्या वयाचं झाल्यावरच मदतीला सुरुवात व्हायची. एकोणीसशे साठच्या दशकात म्हैसूरची संस्था आणि मुंबईचं नायर रुग्णालय इथं श्रवण आणि वाचा यांचे तज्ज्ञ तयार होऊ लागले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. बाळ घरी गेलं म्हणजे रुग्णालयाचं काम संपलं नाही, हा त्यामागचा विचार. २००३ पासून कोचीत डॉ. अब्राहम पॉल यांनी वेगळी युक्ती केली. प्रत्येक रुग्णालयाला यंत्र परवडत नाही ना? मग एकच यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी रुग्णालया-रुग्णालयांत फिरेल. जे बाळ पहिल्या चाचण्यांत अडेल, त्याची बेरा एका मध्यवर्ती ठिकाणी होईल. मासळी विकणारी कोळीण पाटी घेऊन दारोदार जाते, तसंच हे.

सरकारी पातळीवर २००६-०७ मध्ये बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरला झाली. त्याच्या तपासणीच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे आणि मुदतपूर्व बाळांच्या डोळ्यांचा विकारही आहे. २०१७ मध्ये ‘सोहम’ नावाचं भारतीय बनावटीचं, बेरा तत्त्वावर चालणारं नवजात चाचणीचं यंत्र आलं. साधनं आली, योजनाही आल्या. पण त्या अजून प्रत्येक प्रसूतिगृहाच्या खाटेपर्यंत पोचलेल्या नाहीत. म्हणून घरच्यांनी विचारणं महत्त्वाचं ठरतं.

काय विचारायचं? बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, पेटीत राहिलं असेल, कावीळ जास्त झाली असेल किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं दिली गेली असतील, तर घरी सोडतानाच विचारा, की कानांची चाचणी झाली का आणि ती कोणती, ओएई की बेरा? उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पहिली चाचणी नापास झाली म्हणजे बाळ बहिरं असं समजून हातपाय गाळू नका. जन्मानंतर कानात चिकटा किंवा पाणी राहिलं तरी तसा निकाल येतो. पण दुसऱ्या चाचणीची तारीख चुकवू नका. आणि पास झालं तरी अशा बाळाला नऊ महिन्यांच्या सुमारास पुन्हा दाखवा, कारण काहींचं ऐकणं नंतर उतरतं. वाढीच्या इतर गोष्टींत आठवडे वजा करून थांबा. कानांच्या बाबतीत थांबू नका.

दोष निघाला तर पुढचा रस्ता आहे. श्रवणयंत्र काही महिन्यांच्या बाळालाही लावता येतं. त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही तर कॉक्लिअर इम्प्लान्टची शस्त्रक्रिया असते आणि गरजू मुलांसाठी केंद्राच्या योजनेतून तिला मदत मिळते. पण यंत्र लावलं म्हणजे बोलणं आलं असं होत नाही. ऐकायला शिकवावं लागतं. मुंबईत अझीझा तय्यबजी हैदरी यांनी १९८६ मध्ये ‘ऑरेड’ संस्था याच कामासाठी काढली. तिथं आईलाच शिक्षिका करतात. आणि ज्याला यंत्राचा फायदा होत नाही, त्याच्यासाठी खुणांची भाषा आहे. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी तिला शाळांतून हद्दपार करायचं ठरवलं होतं. त्याबद्दल याच शिक्षकांच्या जागतिक परिषदेनं २०१० मध्ये व्हँकूव्हरला खेद व्यक्त केला. ती पुरी भाषा आहे. तिच्यात विनोद आहे, भांडण आहे, कविताही आहे. मुलाला लवकरात लवकर कुठली तरी एक भाषा भरभरून मिळावी, हे महत्त्वाचं. ती तोंडानं यावी की हातानं, हा वाद त्यानंतरचा.

आमच्या गल्लीतला तो मुलगा आता मोठा माणूस आहे. बोटीच्या इंजिनाचं काम उत्तम करतो. हात इंजिनावर ठेवून त्याचं बिघडलेलं ठिकाण ओळखतो, असं बाकीचे नाखवे सांगतात. मजुरी ठरवताना आणि चेष्टा करताना तो खुणांनी बोलतो आणि गल्लीला त्या खुणा कळतात. पण गल्लीबाहेर, बँकेत, दवाखान्यात त्याला अजूनही सोबत कुणीतरी लागतं. लिहिणं-वाचणं त्याला जेमतेम येतं, कारण भाषा त्याच्यापर्यंत साडेतीन वर्षं उशिरा पोचली. त्याच्या हुशारीत काही कमी नव्हतं.

अलीकडे त्याला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची. घरी आणायच्या आधीच त्याच्या आईनं, म्हणजे आता आजी झालेल्या त्याच बाईनं, नर्सला पहिला प्रश्न कानांचा विचारला आणि तपासणीचा कागद हातात पडेपर्यंत ती प्रसूतिगृहाच्या बाकावरून उठली नाही.